डोलीला मूठ हवी

पावसाळा आला की जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून डोलीची बातमी येते. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीच्या मरकटवाडीतून ती आली. दिवस भरण्याआधीच एका महिलेची घरी प्रसूती झाली आणि दोन्ही जुळी बाळं दगावली. रक्तस्राव होत असलेल्या आईला झोळीत घालून घरच्यांनी सुमारे तीन किलोमीटरची निसरडी पायवाट तुडवली, तेव्हा कुठे वाहनाची गाठ पडली. राज्यभर हळहळ झाली आणि रस्त्याची मागणी पुन्हा पुढे आली. ती मागणी रास्तच आहे. पण डोंगरउतारावरच्या शेवटच्या पाड्यापर्यंत डांबर पोहोचायला किती पावसाळे जातील, हे कुणी सांगू शकत नाही. तोवर माणसं डोलीतूनच येणार असतील, तर त्या डोलीकडे वैद्यकीय साधन म्हणून पाहायला हवं. आज तसं कुणी पाहत नाही.

डोली म्हणजे काय? एक लांब बांबू, त्याला गाठ मारून बांधलेली चादर, गोधडी नाहीतर साडी, आणि दोन खांदे. वजन ५० किलो धरलं तरी प्रत्येक खांद्यावर २५ किलो येतं. ओला बांबू खांद्यावरून घसरतो, म्हणून एक हात तो आवळून धरण्यात अडकतो. खांदा बदलायचा, ओहोळ ओलांडायचा किंवा रुग्णाला गाडीत चढवायचं, तेव्हा मदतीला आलेल्या चार-सहा माणसांना धरायला काहीच नसतं. कुणी चादरीचा काठ मुठीत घेतो, कुणी गाठ पकडतो. रुग्ण निसटण्याचा धोका सर्वांत जास्त याच क्षणी असतो.

हाताला पटकन सापडणारी मूठ किती गांभीर्यानं घ्यायची असते, हे पॅराशूट उडीच्या खेळात पाहायला मिळतं. उडी घेणाऱ्याच्या खांद्यापासून छत्रीच्या दोऱ्यांपर्यंत मजबूत पट्टे जातात, त्यांना रायझर म्हणतात. पुढचे पट्टे ओढून छत्रीचा वेग आणि दिशा बदलता येते. त्यासाठी पट्ट्यावर हात घालायला कापडी फासा, म्हणजे लूप, शिवलेला असतो. फासा मऊ असेल तर तो पट्ट्याला चिकटून सपाट पडतो आणि हातमोज्यातल्या बोटांना सापडत नाही. नजर खालच्या जमिनीवर हवी, ती फासा शोधण्यात जाते. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली. तिथल्यासारख्या थंडीत बोटं बधिर होतात, तेव्हा हा प्रश्न आणखी बिकट होतो. उपाय मात्र साधा आहे : फाशात ताठ नळी किंवा जाड भराव घालायचा, म्हणजे त्याचं तोंड सतत उघडं राहतं. मात्र तो फार मोठाही करायचा नाही, नाहीतर एखादी दोरी त्यात अडकते.

डोलीचा प्रश्न याच जातीचा आहे. इथे हात थंडीनं नव्हे, पावसानं आणि थकव्यानं निकामी होतात. बोटांच्या दोन्ही कडांनी बारीक रक्तवाहिन्या आणि चेतातंतू जातात. एक सेंटिमीटर जाडीच्या दोरीवर २५ किलोचा भार घेतला तर तो दाब थेट त्यांच्यावर येतो. बोटांना मुंग्या येतात, मग ती बधिर होतात. तोच भार चार सेंटिमीटर रुंदीवर पसरला, तर दाब जवळपास चौथाई होतो. शिवाय मूठ आवळून धरली की हाताचे स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतात आणि त्यांना प्राणवायू कमी पडतो. निम्मी ताकद लावून सतत आवळलेली मूठ बहुतेकांना एक-दोन मिनिटांपलीकडे धरवत नाही. त्यात मनगट आत वळलं तर पकड आणखी कमजोर होते. थोडक्यात, हात सुटतो तो निष्काळजीपणामुळे नव्हे; त्याला धरायला योग्य काही दिलेलंच नसतं.

मग चांगली डोली कशी असावी? जाड ताडपत्री किंवा कॅनव्हास घ्यावा, त्यात उभ्या बांबूच्या पट्ट्या शिवाव्यात आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मुठी लावाव्यात. यात नवं काही नाही. कॅनव्हास आणि बांबूच्या पट्ट्यांचं ‘नील रॉबर्टसन स्ट्रेचर’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलासाठी बनलं. जहाजाच्या अरुंद जिन्यांतून जखमींना वर काढायला ते वापरत, आणि त्याची मूळ कल्पना जपानी नौदलातल्या बांबूच्या स्ट्रेचरवरून घेतलेली होती. जव्हार-मोखाड्यात बांबूही आहे आणि तो कापून विणणारे हातही आहेत.

मुठीचे नियम थोडेच आहेत. पट्टा रुंद असावा आणि हात येतो त्या ठिकाणी तीन-चार सेंटिमीटर जाडीची गोल नळी असावी. शेतात राबणाऱ्या माणसाचा रुंद पंजा सहज आत जाईल एवढं तिचं तोंड असावं आणि ते आपोआप उघडं राहावं. रंग भडक, शक्य तर अंधारात चमकणारा असावा. रात्रीच्या प्रसंगात विजेरी एकच असते. मूठ झुडपात अडकेल इतकी बाहेर आलेली नसावी. मनगट फाशात अडकवून धरू नये, कारण धरणारा घसरला तर हात सुटायला हवा. बांबू मात्र काढून टाकू नये. भाताच्या बांधावरून सहा माणसं डोलीच्या दोन्ही बाजूंनी चालू शकत नाहीत. तिथे खांदाच लागतो. ओहोळाशी, चढावर, गाडीपाशी मुठी कामाला येतात. सहा जणांनी उचललं की ५० किलोच्या रुग्णाचा प्रत्येकी वाटा आठ-नऊ किलोवर येतो, आणि बायकांनाही हात लावता येतो.

पट्ट्यांमुळे दुसरा फायदा रुग्णाचा होतो. चादरीच्या झोळीत शरीर दुमडतं, मान छातीकडे वळते आणि श्वास कोंडतो. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाई उताणी झोपली की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो आणि बाळाचा रक्तपुरवठा घटतो. तिला डाव्या कुशीवर नेलं पाहिजे. बेशुद्ध माणसालाही कुशीवरच न्यावं, म्हणजे उलटी घशात जात नाही. दम लागलेल्याला पाठ उंच हवी. साप चावलेल्या माणसानं तर चालूच नये. हालचालीनं विष लवकर पसरतं. त्याचा हात किंवा पाय फळीला बांधून त्याला उचलूनच आणायचं असतं. म्हणजे उचलून नेणं हाही उपचाराचाच भाग आहे.

खर्चाची सबब इथे टिकत नाही. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी मिळतो आणि आरोग्यावरचा खर्च त्यात बसतो. गाव आरोग्य समित्यांकडेही थोडा निधी असतो. रस्त्यापासून तुटलेल्या प्रत्येक पाड्यावर अशी एक डोली आशाताईंच्या घरी किंवा अंगणवाडीत टांगलेली असावी. पावसाळ्यापूर्वी एकदा पाड्यावरच्या तरुणांनी ती रिकामी नव्हे, माणूस घालून उचलून पाहावी, आणि शिवण उसवली आहे का, हे आरोग्यसेवकानं तपासावं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे : चांगली डोली दिली की रस्त्याची मागणी थंड होईल. तसं होऊ देता कामा नये. डोली रस्त्याची जागा घेऊ शकत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या माहेरघरात गर्भवतीला आधीच आणून ठेवण्याची जागाही ती घेऊ शकत नाही. ते झालं तर कित्येक डोल्या निघणारच नाहीत. उलट, प्रत्येक डोली नोंदवली गेली, ती कधी निघाली, किती अंतर चालली, गाडी कुठे मिळाली हे वहीत लिहिलं गेलं, तर कोणता रस्ता आधी करायचा याचा पुरावाच हाती येईल.

पॅराशूटचा फासा सुधारणाऱ्यांनी उडी मारणाऱ्याला ‘हात घट्ट धर’ असं सांगितलं नाही. हाताला सापडेल असा फासा दिला. जव्हार-मोखाड्यातल्या माणसांना डोली घट्ट धरा, हेही कुणी सांगायला नको. पिढ्यान् पिढ्या ते ती धरत आले आहेत. धरायला मूठ देणं एवढंच यंत्रणेच्या हाती आहे, आणि ते पुढच्या पावसाआधी होण्यासारखं आहे.