हृदयरुग्णांसाठी नर्स प्रॅक्टिशनर : अमेरिकेत कोणती शाखा निवडावी?

माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका काकांची मुलगी अमेरिकेत नर्स आहे. परवा बीपी तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तिला हार्टच्या पेशंटसाठी नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय. कुठला कोर्स घ्यावा?" तुमच्या घरातही हा प्रश्न असेल, किंवा मुलांकडे गेल्यावर तुम्हाला नर्स प्रॅक्टिशनर तपासणार असेल, तर पुढची माहिती उपयोगी पडेल.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण?

१९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज नोंदणीकृत नर्स मास्टर्स किंवा डॉक्टरेटचं शिक्षण घेते, राष्ट्रीय परीक्षा देते आणि राज्याचा परवाना मिळवते. त्यानंतर ती निदान करते, औषधं लिहून देते. निम्म्याहून अधिक राज्यांत ती हे स्वतंत्रपणे करू शकते. टेक्साससारख्या राज्यात मात्र डॉक्टरांशी लेखी करार लागतो.

परवान्यासाठी 'हार्ट' अशी वेगळी शाखा नाही

बहुतेक शाखा रुग्णाचं वय आणि आजाराची तीव्रता यांवर ठरतात. हृदयरोगाचं प्रावीण्य त्यानंतर कामातून आणि पुढच्या प्रशिक्षणातून येतं.

• फॅमिली : सर्व वयाचे रुग्ण, मुख्यतः क्लिनिकमध्ये.
• अडल्ट-जेरोंटॉलॉजी प्रायमरी केअर : प्रौढ आणि वृद्ध, दीर्घकालीन आजार.
• अडल्ट-जेरोंटॉलॉजी ॲक्यूट केअर : गंभीर किंवा अस्थिर प्रकृतीचे प्रौढ आणि वृद्ध रुग्ण.
• पीडियाट्रिक ॲक्यूट केअर : गंभीर आजारी मुलं, जन्मजात हृदयदोष असलेली बाळंही यात आली.

मग निवड कशी करायची?

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं वजन, पायांवरची सूज आणि लघवीच्या गोळीचा डोस महिनोन्महिने सांभाळायचा असेल, तर पहिल्या दोन शाखा योग्य आहेत. बायपासनंतर आयसीयूत मध्यरात्री बीपी कोसळलेल्या रुग्णाची जबाबदारी घ्यायची असेल, तर ॲक्यूट केअरच हवी.

अनेकजणी फॅमिली शाखा घेतात, कारण तिच्यात नोकऱ्यांचे पर्याय जास्त. पण काही राज्यांची नर्सिंग बोर्डं आणि अनेक रुग्णालयं आता आयसीयूतल्या कामासाठी ॲक्यूट केअरचं प्रमाणपत्र मागतात. नंतर शाखा बदलायची तर वेगळा सर्टिफिकेट कोर्स, पुन्हा क्लिनिकल तास आणि परीक्षा. म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही. यात रुग्णाची सुरक्षितताही आहे. ज्या कामाचं प्रशिक्षण नाही, ते नुसत्या अनुभवाच्या भरवशावर करू नये.

आपल्याकडे काय?

भारतीय नर्सिंग परिषदेचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी अभ्यासक्रम आहे. त्यातल्या नर्सेस आयसीयूत ठरलेल्या प्रोटोकॉलनुसार काम करतात. अमेरिकेसारखी स्वतंत्र प्रॅक्टिस इथे नाही.

तुम्ही रुग्ण असाल तर

तिकडे तपासणीच्या वेळी निःसंकोच विचारा : "तुमचं प्रशिक्षण कोणत्या शाखेचं? गरज पडली तर हृदयरोगतज्ज्ञ कोण पाहतील?" यात अपमान काही नाही. आणि इथली औषधांची यादी, ईसीजी, एकोचे रिपोर्ट सोबत न्यायला विसरू नका.

काकांना मी एवढंच सांगितलं : कोर्सचं नाव नंतर बघा, आधी मुलीला विचारा, "तुला क्लिनिकमध्ये बसायचंय की आयसीयूत उभं राहायचंय?"