आधी मूठ, मग ब्रॅण्ड

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने दोन ब्राँझ पटकावली, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने एक आणलं आणि आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक रातोरात नेमबाज झाले. जिम झालं, सालसा झाला, ट्रेकिंग झालं, आता पिस्तूल! मीही त्यातलीच. आणि चूकही तीच केली. आधी खरेदी, मग शिकणं.

खरं तर मला हवं होतं पॉइण्ट टू-टू. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरवर गोल्ड मारलं, ते याच जातीच्या पिस्तुलाने. छोटं काडतूस, धक्का कमी. पण बॉस, आपल्याकडे हे बंदुकीत मोडतं. परवान्याशिवाय घरी आणाल तर थेट गुन्हा. त्यामुळे तुमच्या-माझ्यासारख्यांची सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलापासून. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर परवाना लागत नाही. आणि इथे शिकलेलं पुढे वाया जात नाही. मनू दोन्ही प्रकार खेळते.

तर मी काय केलं? दोन लेखांचं मानधन एकदम आलं होतं. सिनेमातल्या हिरोच्या हातात असतं तसं दिसणारं गॅसवरचं पिस्तूल घेतलं. आई म्हणाली, ‘‘पिस्तूल? घरात?’’ मी म्हटलं, ‘‘अगं, स्पोर्ट आहे.’’ दोन महिने रेंजवर माझे छर्रे कागदभर फिरत राहिले. मला वाटायचं, आपलाच हात भिकार. शेवटी सरांनी ते घेऊन स्वतः दहा शॉट मारले. त्यांचेही फिरले! ‘‘खेळणं छान आहे मॅडम,’’ ते हसून म्हणाले, ‘‘पण चूक तुमची की त्याची, हे ते कधीच सांगणार नाही.’’

भरवशाचं पिस्तूल म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. चूक झाली तर ती तुमचीच होती, हे जे दाखवतं ते. दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. तिथे शंकेला जागा नाही. गॅसच्या पिस्तुलाचा दाब थंडीत आणि भराभर शॉट मारले की उतरतो. स्प्रिंगवालं स्वस्त, पण सुटताना हातात उडी मारतं. नवख्यांसाठी मला पटलं ते एकाच दट्ट्यात हवा भरणारं. दरवेळी तेवढाच दाब, धक्का नावापुरता, सिलिंडरची कटकट नाही. प्रत्येक शॉटला दट्टा ओढायचा कंटाळा येतो, पण दंडाचा व्यायाम फुकट.

स्टायर, मोरिनी, पार्दिनी ही स्पर्धेची नावं. नवीन घ्याल तर लाखाच्या वर. सेकंड हॅण्ड मिळालं तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. त्याचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षांचं धरतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि नवा स्वस्त नसतो. सुटे भाग आणि दुरुस्ती कुठे, हेही विचारा. महागडं यंत्रसुद्धा दगा देतं. टोकियोत २०२१ मध्ये मनूचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं होतं.

पण या सगळ्याच्या आधी मूठ. पिस्तूल एका हाताने, टेकू न घेता धरायचं असतं. डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप आली पाहिजे. माझा हात छोटा, म्हणून मला लहान साइझची मूठ लागली. मग ट्रिगर. स्पर्धेत तो किमान ५०० ग्रॅमचा लागतो, पण वजनापेक्षा महत्त्वाचं हे की तो दरवेळी त्याच जागी सुटला पाहिजे. काही पिस्तुलांत छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायची सोय असते. ती असेल तर उत्तम. निम्मा सराव घरच्या भिंतीसमोर, फुकटात होतो.

आणि हे सगळं तपासायला आधी दोन-तीन महिने क्लबचं पिस्तूल वापरा. फी भरा, पाच-सहा वेगवेगळी हातात घ्या. बिल जपून ठेवा, पिस्तूल कुलपात. ऑफिसात मिरवायला बॅगेतून न्याल, तर लिफ्टमधल्या माणसाला ते खरंच वाटणार. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा वडापावआधी हात धुवा.

मी शेवटी दट्ट्यावालंच घेतलं, तेही वापरलेलं. परवा एक शॉट थेट सहात गेला. पिस्तुलाकडे बघितलं, ते निर्विकार. चूक माझीच होती यार. आणि ते कळल्याचा मला केवढा आनंद झाला!