तेरा आठवड्यांचा जमाखर्च कुणी पाहिला आहे?

मा. संपादक,


अमेरिकेतल्या मराठी मुलांच्या कॉलेजप्रवेशावर आपल्या गेल्या अंकात आलेल्या लेखात स्काउटिंगची एका वाक्यात बोळवण केली आहे: गणवेश, दोरीच्या गाठी, शेकोटी आणि अर्जात टाकायला 'ईगल स्काउट' ही एक ओळ. असं लिहिण्याआधी 'पर्सनल मॅनेजमेंट' या मेरिट बॅजच्या अटींवरून नुसती नजर फिरवली असती तरी पुरे होतं. सलग 13 आठवडे मुलाने आपल्या पैशाचं अंदाजपत्रक आखायचं, आले किती, गेले किती, उरले किती हे मांडायचं आणि हिशेब कुठे चुकला ते बॅजच्या समुपदेशकापुढे बसून सांगायचं. हा बॅज ऐच्छिक नाही. त्याच्याविना ईगल, म्हणजे स्काउटिंगमधला सर्वोच्च दर्जा, मिळत नाही. 'फॅमिली लाइफ' या बॅजसाठी घरातली ठरवून घेतलेली कामं 90 दिवस करायची. नागरिकत्वाच्या एका बॅजसाठी नगर परिषदेच्या किंवा स्कूल बोर्डाच्या सभेला बसायचं, ज्यावर मतभेद झाले असा एक मुद्दा निवडायचा आणि आपल्याला कुणाचं म्हणणं पटलं, का पटलं, ते सांगायचं. आपल्यातल्या किती मतदारांनी अशी सभा शेवटपर्यंत ऐकली आहे? असे किमान 21 बॅज, तेही अठरावं वर्ष पुरं व्हायच्या आत. गाठी आहेतच, पण खरा स्काउट बराच वेळ कंटाळवाण्या, चिकाटीच्या कामात असतो, आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: हे सगळं आईबापच करून देतात. काही घरांत देतही असतील. पण ईगलसाठी जो सेवाप्रकल्प करावा लागतो त्यात, समजा बाक बनवला, तर तो किती गुळगुळीत झाला याला महत्त्व नाही. आखणी मुलाने केली का आणि इतरांकडून काम करवून घेतलं का, हे पाहतात. शेवटी जे मंडळ त्याची उलटतपासणी घेतं, त्यावर आईवडिलांना बसता येत नाही. ट्रूपचा, म्हणजे स्काउटांच्या तुकडीचा, म्होरक्या (सीनियर पॅट्रोल लीडर) मुलंच निवडतात; पावसात भिजलेल्या अकरा वर्षांच्या पोरांना करपलेली पातेली घासायला लावताना बाबांनी लिहून दिलेलं भाषण कामाला येत नाही. शिवाय 2019 पासून मुलींनाही यात प्रवेश आहे आणि त्याही याच अटी पुऱ्या करून ईगल होत आहेत, त्यामुळे 'पोरांचा खेळ' हेही आता खरं नाही. अर्जात नुसती एक ओळच हवी असेल तर याहून सोपे मार्ग पैशापासरी आहेत.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांमुळे स्काउटिंग चालवणाऱ्या संस्थेने 2020 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. 82 हजारांहून अधिक दावे दाखल झाले. संस्थेचं नाव आता 'स्काउटिंग अमेरिका' झालं म्हणून ते पुसलं जात नाही. एकट्या प्रौढाने एकट्या मुलासोबत राहायचं नाही, हा नियम पाळला जातो का, हे पालकांनी खुशाल खोदून विचारावं. पण दोष आहे तो मोठ्यांचा. त्याचा राग हिशेबाची वही भरणाऱ्या मुलांच्या टिंगलीतून काढू नये.

जाता जाता आणखी एक. इथल्या ज्या मराठी मंडळांत स्काउटिंगची अशी थट्टा चालते, तीच मंडळं गणेशोत्सवात पार्किंग सांभाळायला आणि खुर्च्या उचलायला या मुलांना हक्काने बोलावतात. बोलवा, पण या वर्षी उत्सवाचा जमाखर्चही त्यांच्याच हाती देऊन पाहा.

— एक वाचक, न्यू जर्सी