विश्लेषण : ‘सोयूझ ११’चे तीन अंतराळवीर कशासाठी आठवायचे?

३० जून १९७१. सोव्हिएत यान पॅराशूटच्या साह्याने कझाकस्तानच्या माळरानावर ठरल्याप्रमाणे उतरले. पथकाने झाकण उघडले, तेव्हा तिघेही आपापल्या आसनावर निश्चल होते. गिओर्गी दोब्रोवोल्स्की, व्लादिस्लाव व्होल्कोव्ह आणि व्हिक्टर पात्सायेव हे प्रत्यक्ष अंतराळात प्राण गमावलेले आजवरचे एकमेव मानव.

मोहीम काय होती?

सॅल्यूत १ हे जगातील पहिले अंतराळ स्थानक. त्यात राहून काम करणारा हा पहिलाच चमू. खरे तर हे तिघे राखीव होते. मूळ चमूतील एकाच्या फुप्फुसाच्या क्ष-किरण तपासणीत शंका आल्याने ऐनवेळी त्यांना पाठवण्यात आले. सुमारे २३ दिवसांची ही मोहीम तेव्हाचा विक्रम ठरली.

नेमके काय बिघडले?

परतताना यानाचे भाग स्फोटक बोल्टांनी वेगळे होतात. त्या धक्क्याने हवेचा दाब समतोल करणारी झडप उघडली. ती जमिनीजवळ उघडायची होती. उघडली सुमारे १६८ किलोमीटर उंचीवर. हवा निघून गेली. झडप हाताने बंद करायला लागणारा वेळ शुद्ध टिकण्याच्या वेळेपेक्षा जास्त होता.

वाचवणे शक्य होते का?

होय, प्रेशर सूट असते तर. पण सूट घालून तिघे मावत नव्हते. तीन माणसे हवी म्हणून सूट वगळले गेले. १९६४ मध्ये ‘वोस्खोद १’मध्येही हेच केले होते. तेव्हा निभावले, म्हणून धोका नाहीच असे गृहीत धरले गेले. दोष झडपेचा होता, तितकाच या हिशेबाचाही.

पुढे काय बदलले?

सप्टेंबर १९७३ मध्ये ‘सोयूझ १२’ गेले ते दोघांनाच घेऊन, तेही ‘सोकोल’ सूट घालून. तिघांना सूटसह नेणारे सुधारित ‘सोयूझ टी’ यान नंतर आले. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले ते याच प्रकारच्या यानातून.

भारतासाठी धडा काय?

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘गगनयान’ची चाचणी उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना थांबली, दोष शोधून त्याच दिवशी पार पडली. असे थांबणे नामुष्की नव्हे. तारीख गाठण्यासाठी सुरक्षेत काटछाट करण्याचा दबाव शास्त्रज्ञांवर न आणणे, हीच त्या तिघांना खरी आदरांजली.