मुंबईचा धूर आणि आपले ऊन



मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेने हवामान कृती आराखडा जाहीर केला. 2050 पर्यंत शहराचे कर्बउत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचे, असा संकल्प. देशाने 2070 साल धरले आहे. मुंबई 20 वर्षे आधी पोचणार म्हणते. चांगले आहे. पाऊस महिनाभर दडी मारतो, मग दोन दिवसांत बोंडांसकट शिवार धुऊन नेतो. धूर कमी व्हावा असे आपल्याइतके कोणाला वाटेल?

पण हा धूर निघतो कुठून? मुंबईच्या उत्सर्जनापैकी सुमारे 72 टक्के ऊर्जेच्या वापरातून येते, आणि त्यात मोठा वाटा कोळशाच्या विजेचा. दिवा एकीकडे, धुराडे दुसरीकडे. आपल्या विदर्भात चंद्रपूरला 2920 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. तिथून सुमारे 750 किलोमीटरची तार थेट ठाणे जिल्ह्यात पडघ्याला जाते. त्या तारेखालचा शेतकरी वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीची वाट पाहत बसला. वीज पश्चिमेला, राख आपल्याला!

आता कोळसा सोडायचा तर ऊन लागणार. शहरातल्या गच्च्या पुरणार नाहीत. ऊन आहे आपल्या माळरानावर. म्हणून हिशेब मांडू. एक मेगावॉटला चार-पाच एकर, म्हणजे सुमारे दोन हेक्टर जमीन लागते. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत भाडे हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये. झाले अडीच लाख. त्याच जमिनीवर वर्षाला सुमारे 15 लाख युनिट वीज होते. तीन रुपयांनी विकली तरी 45 लाख! कर्ज, व्याज, देखभाल त्यातूनच जाते, मान्य. पण कर्ज फिटल्यावरचे ऊन कोणाचे? भाडेकरूचे!

कापसाचे हेच झाले. पिकवला आपण, गाठी बांधल्या दुसऱ्याने, कापड विकले तिसऱ्याने. उन्हाचे तसे होऊ देऊ नका.

आम्हाला शहराची दया नको, व्यवहार हवा. मुंबईसाठी स्वच्छ वीज घ्यायची तर ती शेतकऱ्यांच्या कंपन्यांकडूनही थेट, लेखी कराराने, रास्त भावाने घ्या. बँकांनी त्या करारावर कर्ज द्यावे. गावोगाव असा ठराव करा. आणि भाडेपट्ट्यावर अंगठा उठवण्याआधी तो कागद दहा जणांत वाचून घ्या.