सुदानचे तीन उठाव आणि दिल्लीची नजर

अरब जगतातील जनआंदोलनांचा विषय निघाला की राजधानीतील चर्चासत्रांचा निष्कर्ष बहुधा आधीच ठरलेला असतो. २०११ मध्ये ट्युनिस आणि कैरोच्या रस्त्यांवर जनसागर उसळला, हुकूमशहा गेले, आणि दहा-बारा वर्षांत सारे काही मूळ पदावर आले. इजिप्तमध्ये मुबारक गेल्यावर निवडून आलेल्या मोर्सी यांना लष्कराने ३ जुलै २०१३ रोजी हटविले आणि सत्ता सिसी यांच्याकडे गेली. ट्युनिशियात कैस सईद यांनी २५ जुलै २०२१ रोजी संसद गोठविली. लिबिया आणि येमेन यादवीत होरपळले. सीरियातील असद राजवट डिसेंबर २०२४ मध्ये कोसळली खरी, पण ती सशस्त्र गटांच्या चढाईने. २०११ मध्ये निःशस्त्र रस्त्यावर उतरलेल्या तरुणांपैकी असंख्य जण तोवर तुरुंगात, परदेशात किंवा मातीआड गेले होते. तेव्हा अरबांच्या मातीत लोकशाही रुजत नाही, असे म्हणून बैठक चहापानाकडे वळते.

या यादीत सुदानचे नाव क्वचितच येते. आलेच, तर तेथील सध्याच्या युद्धापुरते. वास्तविक जनउठावाचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत शिस्तबद्ध अनुभव या देशाच्या गाठीशी आहे. अरब लीगचा सदस्य, राज्यकारभाराची भाषा अरबी, पण समाज अरब आणि आफ्रिकी अशा अनेक प्रवाहांचा. म्हणूनही कदाचित अरबविषयक अभ्यासक आणि आफ्रिकाविषयक अभ्यासक या दोघांच्याही कक्षेतून तो निसटत असावा.

सुदानी जनतेने लष्करी राजवट एकदा नव्हे, तीनदा खाली खेचली आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये खार्टूम विद्यापीठात पोलिसांच्या गोळीने एक विद्यार्थी ठार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या सार्वत्रिक संपापुढे जनरल अब्बूद यांना सत्ता सोडावी लागली. १९८५ मध्ये पावाचे भाव वाढले, डॉक्टर, वकील, अभियंते यांच्या संघटना संपावर गेल्या, आणि ६ एप्रिल रोजी, परदेश दौऱ्यावर असतानाच, निमेरी यांची सोळा वर्षांची राजवट संपली. तिसरा उठाव अटबारा या रेल्वे कामगारांच्या गावातून १९ डिसेंबर २०१८ रोजी भडकला. कारण पुन्हा पावच. एका सुदानी पौंडाचा पाव तीन पौंडांना झाला होता. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाल्याने तेल उत्पादनाचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा गेलेला, तिजोरी रिकामी, आणि उरलेला पैसा सुरक्षा यंत्रणांवर उधळला जात असलेला. अशा वेळी अनुदान कापण्याचा सल्ला अर्थशास्त्रीयदृष्ट्या निर्दोष असेलही. तो कोणी, कोणाच्या ताटावर राबवायचा, हा प्रश्न मात्र अटबाराच्या शाळकरी मुलांनी विचारला.

या तिसऱ्या उठावाची बांधणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. फेसबुकने क्रांती केली, ही कैरोविषयी रूढ झालेली समजूत येथे लावता येत नाही. शिक्षक, डॉक्टर, वकील, पत्रकार यांच्या संघटनांनी मिळून स्थापलेला ‘सुदानी व्यावसायिक संघ’ मोर्चांचे वेळापत्रक ठरवीत असे, आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यांतील प्रतिकार समित्या ते अमलात आणीत. स्त्रियांचा सहभाग एवढा मोठा होता की सार्वजनिक सभ्यतेच्या कायद्याखाली त्यांना फटके मारणाऱ्या राजवटीला तो सर्वांत झोंबला असावा. लष्करी मुख्यालयासमोर ठिय्या देण्यासाठी दिवस निवडला तो ६ एप्रिल २०१९, म्हणजे निमेरी यांच्या पतनाचा स्मृतिदिन. पाच दिवसांत, ११ एप्रिलला, तीस वर्षे सत्तेवर असलेले ओमर अल-बशीर पदच्युत झाले. त्यांच्या जागी आलेल्या जनरलला जनतेने दुसऱ्याच दिवशी परत पाठविले!

दुर्दैव असे की मुख्यालयासमोरचा चौक जिंकता आला, मुख्यालय नाही. ३ जून २०१९ च्या पहाटे ठिय्या आंदोलनावर हल्ला झाला; शंभरहून अधिक माणसे मारली गेली. या हल्ल्यात पुढे असलेले ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे दल दार्फूरमध्ये अत्याचार केलेल्या जंजावीद टोळ्यांतून बशीर यांनीच घडविले होते. लष्कराने उलटू नये म्हणून लष्करावर वचक ठेवणारे दुसरे सैन्य, असा तो डाव. त्याचा प्रमुख मोहम्मद हमदान दगालो, म्हणजेच हेमेदती, दार्फूरच्या सोन्याच्या खाणींवर आणि येमेनच्या युद्धात माणसे पुरविण्याच्या व्यवहारावर गबर झाला. ज्याच्याकडे स्वतःचे सोने आणि स्वतःची फौज आहे, त्याला संपाने नमविता येत नाही. कारकून आणि शिक्षक घरी बसले तर सरकार बंद पडते. खाण बंद पडत नाही. १९६४ आणि १९८५ मध्ये यशस्वी ठरलेले हत्यार २०१९ मध्ये बोथट का ठरले, याचे उत्तर येथे आहे, आणि त्याचा अरब स्वभावाशी काडीचाही संबंध नाही.

ऑगस्ट २०१९ च्या घटनात्मक जाहीरनाम्याने लष्कर आणि नागरी आघाडी यांचे संयुक्त सरकार आणले. अब्दल्ला हमदोक पंतप्रधान झाले. परंतु सार्वभौमत्व परिषदेचे आधीचे अध्यक्षपद जनरल बुरहान यांच्याकडे आणि त्यांच्याशेजारी हेमेदती. लष्कराच्या कंपन्या अर्थमंत्र्यांच्या हाती कधीच आल्या नाहीत. नागरी नेत्यांनी घाई केली, तडजोड केली, अशी टीका आजही होते. पण ३ जूनच्या रक्तपातानंतर त्यांच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, हे टीकाकार सांगत नाहीत. अध्यक्षपद नागरी प्रतिनिधीकडे जाण्याची वेळ जवळ येताच, २५ ऑक्टोबर २०२१ रोजी दोघा जनरलांनी मिळून सरकार उलथविले. १५ एप्रिल २०२३ रोजी ते एकमेकांवर तुटून पडले. एक कोटीहून अधिक माणसे या युद्धात बेघर झाली. लष्कराने मार्च २०२५ मध्ये खार्टूमचा राजवाडा परत घेतला, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये दार्फूरचे अल-फाशेर हेमेदतीच्या सैन्याच्या हाती पडले आणि तेथे नागरिकांचे हत्याकांड झाले.

भारताचे या देशाशी असलेले नाते जुने आहे. १९५३ मधील सुदानची पहिली निवडणूक ज्या आयोगाने घेतली, त्याचे अध्यक्ष भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भारतीय जवानांनी जे रक्त सांडले, त्याच्या स्मरणार्थ सुदानने एक लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेल्या ७० हजार पौंडांचा विनियोग खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी झाला. प्रबोधिनीची मुख्य इमारत म्हणून ‘सुदान ब्लॉक’ आजही उभी आहे. लष्कराने नागरी सत्तेच्या अधीन राहण्याचा पाठ ज्या देशाने गिरविला, त्याच्या अधिकाऱ्यांची जडणघडण सुदानच्या पैशाने उभ्या राहिलेल्या वास्तूत व्हावी, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

पुढे मात्र हे नाते तेलाच्या पिंपात आणि विमानाच्या तिकिटात मावेल एवढेच उरले. ओएनजीसी विदेशने २००३ मध्ये ग्रेटर नाईल प्रकल्पात २५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा संबंध होता तो बशीर यांच्या राजवटीशी. २०२३ मध्ये ‘ऑपरेशन कावेरी’ने सुमारे ३,८०० भारतीयांना सोडविले, त्यांत औषधी तेले विकत फिरणारे कर्नाटकातील हक्की-पिक्की जमातीचे लोकही होते. वायुदलाच्या विमानाने रात्रीच्या अंधारात वादी सय्यदनाच्या धावपट्टीवर उतरण्याचे जे धाडस केले, ते कौतुकास्पदच. तथापि, माणसे सुखरूप परतली की फाईल मिटते. उठावाकडे स्थलांतराची आपत्कालीन योजना म्हणूनच पाहण्याची ही सवय लिबिया आणि येमेनमध्येही दिसली.

आखातात सुमारे ९० लाख भारतीय राहतात, तेव्हा सावधगिरी समजण्याजोगी आहे. संयुक्त अरब अमिरातीवर हेमेदतीला शस्त्रे पुरविल्याचा आरोप आहे. अमिरातीने तो नाकारला आहे, आणि सुदानने आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलेले प्रकरण मे २०२५ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकाली निघाले. या वादात दिल्लीने उघड बाजू घ्यावी, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण बाजू न घेणे आणि ओळखच न ठेवणे यांत फरक आहे. युद्धात राज्ययंत्रणा विरघळल्यावर जुन्या प्रतिकार समित्यांतील तरुणांनीच मोहल्ल्यांत आपत्कालीन मदत केंद्रे उघडली. सामुदायिक स्वयंपाकघरे, दवाखाने, जखमींची ने-आण हे सारे ते दोन्ही सैन्यांचा संशय आणि अटकांचा धोका पत्करून चालवितात. नॉर्वेच्या राफ्टो पुरस्कारासाठी २०२५ मध्ये त्यांची निवड झाली. बर्गनला जे दिसले ते दिल्लीलाही दिसू शकते. पुण्यात आणि हैदराबादेत शिकून गेलेले हजारो सुदानी पदवीधर आहेत. व्यावसायिक संघ ज्या वर्गातून उभा राहिला तोच हा वर्ग, आणि त्यांची नावे-पत्ते इथल्याच विद्यापीठांच्या दप्तरात आहेत.