कडू भाजीची कुंडी

थंडीत फरीदाबादच्या हातगाड्यांवर पालेभाजीला तोटा नसतो. सरसों, मेथी, मुळ्याचा पाला, आपल्या चाकवताच्या घरातला बथुआ. पण ओखल्याहून निघालेला आग्रा कालवा शहरातून काळाकुट्ट वाहताना पाहिला, की हातातली जुडी कुठल्या पाण्यावर पोसली असेल हा विचार पाठ सोडत नाही. माझ्या बाल्कनीत डँडेलियनची कुंडी आली ती त्यापायी, ‘सुपरफूड’च्या कौतुकापायी नव्हे.

हे झाड थंड हवेचं. हिमालयात ते आपलं आपण माजतं, हरियाणात त्याला फक्त हिवाळा मानवतो. म्हणून बी दिवाळीच्या आसपास टाकावं. मातीत पुरायचं नाही, वर भुरभुरवून नुसतं दाबायचं. उजेड लागला तर ते चांगलं रुजतं. कुंडी मात्र खोल हवी, कारण मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं. धुक्याच्या दिवसांत वाढ रेंगाळते, संक्रांत सरली की पानं भराभर येतात. तोडायची ती कळी धरण्याआधी, बाहेरची बाहेरची. कळी आली की त्याच पानाचा कडूपणा जिभेवरून हलत नाही, आणि होळीनंतरच्या उन्हात तर सगळाच खेळ आटोपतो.

पान खुडलं की देठातून पांढरा चीक येतो आणि बोटावर तपकिरी डाग ठेवून जातो. या चिकाचं प्रस्थ मोठं आहे. कझाकस्तानातल्या याच्या एका भाऊबंदापासून सोव्हिएत रशियाने 1930च्या दशकात रबर काढायला घेतलं होतं. 2022 मध्ये गुडइयरने अमेरिकेत पुन्हा त्याच रोपाच्या रबरावर काम सुरू केल्याचं जाहीर केलं. आणि गुडइयरचा टायर कारखाना आमच्या इथे, बल्लभगडला! असो, मला भाजीपुरतं बघायचंय.

1990 नंतर खोरं सोडावं लागलेल्या बऱ्याच काश्मिरी पंडित कुटुंबांनी फरीदाबादेत घरं केली. आमच्या मजल्यावरच्या आंटी त्यांतल्याच. कुंडी बघताच म्हणाल्या, “अरे, ये तो हंद है!” त्यांच्याकडे बाळंतिणीला हंद हमखास खाऊ घालतात, आणि बर्फाच्या दिवसांसाठी वाळवूनही ठेवतात. मला त्या पानांवरून आठवली ती मराठवाड्याची पाथरी. तीही त्याच कुळातली, तसाच चीक, तशीच पिवळी फुलं. रानातून उपटून आणायची, धुवायची, आणि मीठ, कच्चं तेल, शेंगदाणे घेऊन भाकरीबरोबर कच्चीच खायची. कडू लागली तरी कुणी तक्रार करत नसे.

पाथरी इथल्या पार्कातही उगवते. पण तिथे कुत्री आहेत, माळ्याची फवारणी आहे, म्हणून मी तिच्या वाटेला जात नाही. ओळखायला सोपं आहे: डँडेलियनच्या पोकळ, बिनपानाच्या दांड्यावर एकच फूल येतं, पाथरीच्या दांड्याला फाटे फुटतात.

कोवळी पानं मी पाथरीसारखीच खाते, इथे ज्वारीऐवजी बाजरीच्या भाकरीबरोबर. जून असतील तर उकळत्या पाण्यातून काढून पिळते. भरपूर लसणाच्या फोडणीवर परतते, वरून भिजवलेली मूगडाळ. गूळ घालू नये, हे माझं ठाम मत. कडू भाजी गोड करून खायची तर पालक काय वाईट? एक मात्र पाहावं. 100 ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे 780 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं, तेव्हा वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही भाजी ताटात घेऊ नये.

आंटींच्या सांगण्यावरून यंदा थोडी पानं वाळवायचीही आहेत. श्रीनगरात ती मोकळ्यावर वाळत. फरीदाबादेत मोकळ्यावर काही ठेवलं तर संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं, म्हणून आतल्या खोलीत, पंख्याखाली, मलमलीच्या जुन्या ओढणीत गुंडाळून.